एका बोटानं दाखव : जांघेचं दुखणं, ऑपरेशन आणि आपले शब्द

वाङ्मय मंडळाच्या अंकात जांघेच्या ऑपरेशनवर लेख कशाला, असं तुम्हांला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण या दुखण्यात माझं जे जवळजवळ वर्ष गेलं, ते पायापेक्षा तोंडामुळं जास्त गेलं. जे दुखत होतं, त्याचं नावच मी घेत नव्हतो. म्हणून हा लेख अर्धा दुखण्यावर आणि अर्धा शब्दांवर आहे.

तीनदा तेच

जुलै महिना, लेले ग्राउंडवर चिखल. उजव्या पायानं बॉल ओढायला गेलो आणि रोवलेला डावा पाय बाहेरच्या बाजूला घसरला. मांडीच्या आत, अगदी वर, चमक निघाली. सरांना सांगितलं, "पाय दुखतोय." घरी सांगितलं, "मांडी आखडलीय." जांघ हा शब्द मुलांमध्ये फक्त चेष्टेत निघतो, आईसमोर किंवा सरांसमोर तो कसा काढायचा?

दहा दिवसांत चालताना दुखेनासं झालं. म्हणजे बरं झालं असं धरून मी खेळायला गेलो. सप्टेंबरात पुन्हा तेच. जानेवारीत तिसऱ्यांदा. त्यानंतर मात्र शिंकलो, खोकलो, अंथरुणातून सरळ उठलो तरी ओटीपोटाच्या खाली कळ यायला लागली.

लंगडणं आज्जीच्या नजरेतून सुटलं नाही. "अवधाण आलंय काय रे बाळा? पायाला कुठं जखम झालीय काय बघ." पायाची जखम चिघळली की जांघेत गाठ येते, तिला अवधाण म्हणतात. माझं दुखणं ते नव्हतं. पण घरात जांघेबद्दल सरळ बोलणारी पहिली व्यक्ती आज्जीच. तिनंच दुसऱ्या दिवशी दादाबरोबर मला डॉक्टरांकडं पाठवलं.

एक जागा, अनेक दुखणी

डॉक्टरांनी पहिलंच वाक्य टाकलं, "एका बोटानं दाखव." मी पूर्ण तळहात ठेवला. ते हसले. मग त्यांनी दोन्ही गुडघ्यांमध्ये मूठ धरून ती दाबायला लावली, पाठीवर झोपवून अर्धं उठायला लावलं, खोकायला लावलं. प्रत्येक वेळी एकच प्रश्न : कुठं आणि कसं?

कारण जांघ हा एक चौक आहे. मांडी आत ओढणारे स्नायू पुढच्या हाडाला तिथंच चिकटतात, पोटाचे स्नायू वरून येऊन तिथंच टेकतात, खुब्याचा सांधा शेजारीच, आणि ओटीपोटाच्या भिंतीतून एक तिरकी वाट खाली जाते. या वाटेतून आतडं बाहेर डोकावलं की त्याला अंतर्गळ, म्हणजे हर्निया, म्हणतात. खेळाडूंच्या बाबतीत गोंधळ असा, की पुष्कळदा हर्निया नसतोच, तरी दुखतं.

या गोंधळाला तज्ज्ञही अपवाद नव्हते. लंडनचे सर्जन जेरी गिल्मोर यांनी १९८० मध्ये फुटबॉलपटूंमधला असा प्रकार मांडला, तेव्हा त्याला त्यांचंच नाव पडलं. दुसरे कोणी त्यालाच स्पोर्ट्स हर्निया म्हणायचे. अखेर २०१४ मध्ये कतारच्या दोहा शहरात १४ देशांतले २४ तज्ज्ञ बसले आणि दुखणं कोणत्या भागाशी जोडलेलं आहे त्यावरून नावं ठरवली. शब्दांवर एकमत करायला एवढी माणसं जमावी लागली, हे वाचून मला जरा हायसं वाटलं.

माझी दोन दुखणी निघाली : आतल्या स्नायूचं आणि त्या तिरक्या वाटेचं. पहिल्यावर उपाय व्यायाम. डेन्मार्कच्या पेर होल्मिक यांनी १९९९ मध्ये ६८ खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताकदीचे व्यायाम केलेल्या गटातले २३ जण न दुखता खेळात परतले. नुसतं मसाज-स्ट्रेचिंग-मशीन घेतलेल्या गटातले फक्त ४. मीही १२ आठवडे व्यायाम केला. मूठ दाबताना दुखणं गेलं, पण खोकताना येणारी कळ राहिली. तेव्हा ऑपरेशन ठरलं : दुर्बिणीतून, आतल्या बाजूनं जाळी बसवायची.

तयारी

तयारीचा मोठा भाग सांगण्याचाच असतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळं सांगावं लागतं : ॲलर्जी, दमा, चालू औषधं, अगदी घरचा काढासुद्धा. तंबाखू, सिगारेट असेल तर लपवू नये; जखम भरायला त्यानं वेळ लागतो. जांघेचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नयेत. बारीक जखमांतून जंतू शिरतात. जेवण ६ तास आधी आणि पाणी २ तास आधी बंद, असं मला सांगितलं होतं.

घरी दोन गोष्टी आधीच शिकून ठेवल्या. सरळ उठायचं नाही. कुशीवर वळून, हाताचा जोर लावून उठायचं. आणि खोकला आला की पोटाच्या खाली उशी दाबून धरायची. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून भाजी, फळं, पाणी. कारण कुंथणं सगळ्यांत वाईट.

नंतर

संध्याकाळीच चालवलं. तिसऱ्या दिवशी खालपर्यंत निळसर झालं आणि सूज आली, मी घाबरलो. बहुतेकदा ती आपोआप ओसरते, हे आधी विचारून ठेवलं असतं तर रात्र जागून काढावी लागली नसती. मात्र ताप, पसरणारी लाली, पू, वाढत जाणारी सूज, लघवी अडणं, सतत उलट्या, पोटरी सुजणं, धाप लागणं यांतलं काही दिसलं तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना गाठायचं.

फिजिओथेरपिस्टनी वही ठेवायला लावली. रोज दुखणं ० ते १० मध्ये किती, आणि एक शब्द. नुसता आकडा मला पुरेना. तेव्हा आज्जीकडून शब्द घेतले :

ठणका – नाडीच्या ठोक्याबरोबर येणारं.
चमक – हालचालीत एकदम येऊन जाणारं.
ओढ – दोरी ताणल्यासारखं.
रग – स्नायू दमल्यावरचं.
हुळहुळणं – कापड लागलं तरी जाणवणारं.
बधिर – काहीच न जाणवणारं.

"रग ३" असेल तर व्यायाम चालू. "चमक ३" असेल तर एक पायरी खाली. आकडा तोच, अर्थ वेगळा. आधी चालणं, मग सायकल, मग सरळ धावणं, मग वळणं, शेवटी किक. पुढची पायरी तारखेवर नाही, वहीवर ठरायची.

सातव्या आठवड्यात इंटरकॉलेज स्पर्धा आली. फिजिओनी विचारलं, "कसं आहे?" "बरंय" हा शब्द तोंडावर होता. त्याच "बरंय"नं मला दोनदा परत पाडलं होतं. मी वही पुढं केली. वळताना चमक ४. त्यांनी काही न बोलता मान हलवली. ती स्पर्धा मी बाकावर बसून पाहिली. आपण हरलो. त्या दिवशी खूप वाईट वाटलं, आजही वाटतं.

चौथ्या महिन्यात पूर्ण मॅच खेळलो. आतल्या स्नायूंचा कोपनहेगन व्यायाम अजून आठवड्यातून दोनदा करतो. जाळीनं भिंत सावरली, ताकद मात्र आपणच आणायची असते.

मंडळाच्या मित्रमैत्रिणींना एक काम सांगतो. घरातल्या मोठ्या माणसांना विचारून दुखण्याचे दहा शब्द लिहून आणा. पुढच्या बैठकीत ते एकत्र करू. आणि कुणाला जिथं दुखतंय तिथलं नाव घ्यायला लाज वाटत असेल, तर माझ्याकडं या. मी आता न अडखळता म्हणू शकतो : जांघ.