सर्पगंधा व डॉ. रुस्तुम जाल वकील

“आजोबांना रक्तदाब आहे, भाजींत मीठ कमी घाला,” हें वाक्य आज बिद्रीसारख्या गांवींहि अपरिचित राहिलेलें नाहीं. रक्तवाहिन्यांतील दाब सतत वाढलेला राहिला, म्हणजे रक्त पुढें ढकलण्यास हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. तें थकतें, आणि मेंदू व मूत्रपिंड यांनाहि इजा पोहोंचते. शंभर वर्षांपूर्वीं या विकारावर भरंवशाचें औषध जवळजवळ नव्हतेंच. ही उणीव दूर करण्याच्या कामीं ज्यांनीं मोलाचा वाटा उचलला, त्यांपैकीं एक मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. वकील हे होत.

त्यांचा जन्म १९११ सालचा. वैद्यकाचें शिक्षण लंडनमध्यें घेऊन ते मायदेशीं परतले व मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत काम करूं लागले.

सर्पगंधा ही सह्याद्रीच्या दमट रानांतहि उगवणारी लहानशी वनस्पति. तिचें मूळ आपल्याकडील वैद्य शतकानुशतकें वापरीत आले होते. १९३१ सालीं कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं तिचा रक्तदाबावरील उपयोग प्रसिद्धहि केला होता. मग वकिलांनीं नवें तें काय केलें?

त्यांनीं मोजलें. रक्तदाबाचे पन्नास रोगी निवडून त्यांना या मुळाच्या गोळ्या दिल्या, दाब कसा उतरतो तें टिपून ठेवलें, आणि निष्कर्ष १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला. त्यामुळें पाश्चात्त्य वैद्यांचें लक्ष या मुळाकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनीं त्यांतून ‘रेसर्पिन’ हें द्रव्य वेगळें काढलें. वकिलांना १९५७ सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक, तर १९५८ सालीं पद्मभूषण मिळालें. १९७४ सालीं ते निवर्तले.

पुढें याच मोजणीनें औषधाचे दोषहि उघड झाले. कांहीं रोग्यांच्या मनाला तें खिन्न करी. अधिक चांगलीं औषधें निघाल्यावर त्याचा वापर फार कमी झाला. यानें वकिलांचें मोठेपण उणें होत नाहीं. उलट त्यांची पद्धति किती खरी होती तेंच दिसून येतें.

जुनें म्हणून कोणतीहि गोष्ट डोळे मिटून स्वीकारूं नये, तशीच जुनी म्हणून फेंकूनहि देऊं नये. ती पारखून घ्यावी. आजीनें एखादें झाडपाल्याचें औषध सांगितलें, तर तें आदरानें वहींत उतरून घ्या. परंतु आजोबांची गोळी डॉक्टरांना विचारल्यावांचून कदापि बंद करूं नका.