गाणे देशाच्या सीमेवर का अडते?

असे समजा, की तुमचा मामेभाऊ शिक्षणासाठी जर्मनीतील म्युनिक शहरी गेला आहे. तेथे ऐकलेले एक गाणे त्याला फार आवडले, म्हणून त्याने त्याचा दुवा तुमच्या आईच्या मोबाइलवर पाठवला. तुम्ही उत्सुकतेने त्यावर बोट टेकवले आणि पडद्यावर अक्षरे उमटली : ‘हे गाणे तुमच्या देशात उपलब्ध नाही.’

दुवा तर क्षणात आला. मग गाणेच का आले नाही? तारेत काही बिघाड आहे काय? आणि तुम्ही भारतात बसला आहात, हे पलीकडच्या यंत्राला कोणी सांगितले?

गाणे म्हणजे आकडे

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. सीडी तयार करताना हे चढउतार दर सेकंदाला 44,100 वेळा मोजतात. प्रत्येक माप 16 बिटांत लिहितात आणि डाव्या व उजव्या बाजूचा आवाज वेगळा ठेवतात. म्हणजे एका सेकंदाला 44,100 × 16 × 2 = 14,11,200 बिट झाले. यातून कानाला ज्यांची उणीव फारशी जाणवत नाही असे तपशील गाळले, की हा आकडा पुष्कळच खाली येतो. सेकंदाला 1,60,000 बिट असा दर धरला, तर तीन मिनिटांचे गाणे 36 लाख बाइटांचे होते.

हे 36 लाख बाइट एकदम येत नाहीत. त्यांची प्रत्येकी सुमारे 1,500 बाइटांची पाकिटे करतात. म्हणजे सुमारे 2,400 पाकिटे झाली. पहिली काही पाकिटे पोचली, की गाणे वाजू लागते आणि मागची पाकिटे येतच राहतात. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. पाकिटांना देशाची सीमा ठाऊक नसते. जपानमधून असो वा जर्मनीतून, ती सारख्याच सहजतेने येतात.

पत्ताच चुगली करतो

परंतु प्रत्येक पाकिटावर पत्ता हवा. पोस्टाने पुस्तक मागवताना आपण आपला पत्ता कळवतो, तसाच तुमचा मोबाइलही गाणे मागताना आपला आयपी पत्ता कळवतो. जुन्या पद्धतीचा हा पत्ता 32 बिटांचा असतो. असे एकूण 4,29,49,67,296 पत्ते होतात. नव्या पद्धतीत ते याहून कितीतरी अधिक आहेत.

हे पत्ते कोणीही मनाने घेत नाही. जगात पाच विभागीय संस्था त्यांचे वाटप करतात. आशिया-प्रशांत विभागाची संस्था ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे आहे. दूरसंचार कंपन्यांना पत्त्यांचे गठ्ठेच मिळतात आणि कोणता गठ्ठा कोणत्या देशात दिला, याची नोंद राहते. गाणे पाठवणारा सर्व्हर अशा नोंदींवरून केलेली यादी चाळतो आणि ठरवतो : ‘हा पत्ता भारतातला.’ गल्ली वा गाव ओळखताना ही यादी चुकू शकते. देश मात्र बहुधा बरोबर निघतो.

गंमत पाहा! ज्या पत्त्यामुळे गाणे तुमच्यापर्यंत पोचू शकते, त्याच पत्त्यावरून ते नाकारताही येते.

कुलूप कोणाचे?

तर मग सर्व्हर नाकारतो कशासाठी? गाण्यावर दोन प्रकारचे हक्क असतात. एक गीत व चाल यांवरचा, दुसरा ध्वनिमुद्रणावरचा. हे हक्क देशादेशांचे कायदे देतात, आणि ते कायदे सारखे नाहीत. युरोपात 1964 मध्ये प्रसिद्ध झालेली एखादी ध्वनिमुद्रिका घ्या. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षांचा आहे, म्हणून तो येथे 2024 अखेर संपला. युरोपीय संघात तो 70 वर्षांचा, म्हणून तेथे 2034 अखेरपर्यंत चालेल. शिवाय एकाच गाण्याचा हक्क एका देशात एका कंपनीकडे, तर दुसऱ्या देशात दुसरीकडे असू शकतो. ज्या देशासाठी करार झालेला नाही, तेथे गाणे वाजवणे हा कायद्याचा भंग ठरतो.

स्पॉटिफाय या स्वीडिश सेवेचेच उदाहरण पाहू. ती युरोपातील काही देशांत ऑक्टोबर 2008 मध्ये सुरू झाली, अमेरिकेत जुलै 2011 मध्ये आणि भारतात फेब्रुवारी 2019 मध्ये. भारतात येतेवेळी वॉर्नर या संगीत कंपनीशी तिचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. रेडिओ केंद्रांना ठरावीक मोबदला देऊन मालकाच्या संमतीवाचून गाणी वाजवण्याची सोय आपल्या कायद्यात आहे; ती इंटरनेटवरील सेवेलाही लागू होते काय, असा प्रश्न होता. एप्रिल 2019 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात याच न्यायालयाने ‘नाही’ असा निर्णय दिला. वॉर्नरच्या ध्वनिमुद्रिका येथील श्रोत्यांना त्या सेवेवर मिळू लागल्या, त्या 2020 मध्ये करार झाल्यावर. तार तीच, मोबाइल तेच. बदलला तो फक्त एक कागद.

म्हणून काय करावे?

गीतकार, संगीतकार व गायक यांना श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. तो नसेल तर पुढचे गाणे कसे होणार? पण पैसे देण्यास तयार असलेल्या श्रोत्यालाही केवळ तो कोठे राहतो यावरून परत पाठवले जाते, ही त्याची तक्रारही खरी आहे. युरोपीय संघाने यावर थोडा मार्ग काढला. 1 एप्रिल 2018 पासून तेथील वर्गणीदार संघातील दुसऱ्या देशात तात्पुरता गेला, तरी त्याची वर्गणीची सेवा सोबत चालू राहते. कुलूप कागदाचे होते, म्हणून किल्लीही कागदाचीच निघाली. यंत्राला दोष देण्यापूर्वी, अडचण यंत्राची आहे की माणसांनी केलेल्या नियमाची, हे पाहण्याची सवय लावून घ्या.

करून पाहा : चार मिनिटांचे गाणे सेकंदाला 96,000 बिट या दराने आले, तर किती बाइट लागतील? 1,500 बाइटांची किती पाकिटे होतील? (उत्तर : 28,80,000 बाइट, 1,920 पाकिटे.)