भाताचे खाचर आणि वरकस माळ : शहापूर-मुरबाडचे शिवार कसे घडले?



मे महिन्यात कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीतून किंवा मुरबाडहून माळशेजकडे निघालेल्या एस.टी.तून बाहेर पाहिले, की एकच देखावा पुनःपुन्हा दिसतो. खाली बांधांनी आखलेली भाताची खाचरे, त्यांच्यावर वाळलेल्या गवताचा माळ, त्यात कुठे कुठे फांद्या तोडलेले ऐनाचे झाड, आणि सर्वांच्या वर डोंगराच्या कुशीला जंगलाची रेघ. नवख्या माणसाला हे सर्व निसर्गाने असेच दिले आहे असे वाटते. आपल्यापैकी पुष्कळांनाही तसेच वाटते, कारण जन्मापासून आपण तेच पाहत आलो. वस्तुतः या तिन्ही पट्ट्यांच्या हद्दी माणसाने पाडलेल्या आहेत, आणि त्या पडण्यापूर्वी हे तिन्ही पट्टे मिळून एकच शेत होते.

आज वरकस जमीन विकावी, ठेवावी की सपाट करावी, हा प्रश्न या दोन्ही तालुक्यांत घरोघरी आहे. त्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या परिस्थितीप्रमाणे द्यायचे आहे. परंतु आपण नेमके काय विकत आहोत किंवा मोडत आहोत, हे माहीत असलेले बरे.

खाचर हे बांधलेले आहे

आपल्या भागात वर्षाला सुमारे २५०० मि.मी. पाऊस पडतो आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जमीन काळ्या कातळाची आणि उताराची. अशा जागी माती मुळात टिकूच नये. ती भातसा, काळू आणि उल्हास या नद्यांतून कल्याणच्या खाडीला जावी. ती टिकली याचे कारण कोण्या पूर्वजाने ओहोळात दगडमातीचा आडवा बांध घातला. पावसाळ्यात वरच्या माळाची माती वाहून त्या बांधाआड साठली. बांध भरला की तो आणखी उंच केला, मग त्याखाली दुसरा घातला. अशी ही मजगी तयार झाली. म्हणजे आपल्या खालच्या खाचरात जी खोल, चिकण माती आहे ती तिथली नव्हे. ती वरच्या माळाची आहे. माळ मुरमाड आणि उघडा का, याचे अर्धे उत्तर खाचरात पडलेले आहे.

या रचनेला धरूनच जातींची निवड ठरली. वरच्या, पाणी लवकर उतरणाऱ्या खाचरात हळवे भात, मधल्यात निमगरवे आणि ओहोळाच्या पोटातील खोलगट खाचरात गरवे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने जाती दिल्या त्यादेखील याच तीन गटांत बसतात. बियाणे बदलले, पण खाचराची पायरी बदलली नाही.

या भागाला पुरातन काळी फार मोठी रहदारी होती हेही येथे सांगितले पाहिजे. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याजवळून वर चढणारा नाणेघाट हा कल्याण व सोपारा बंदरांना जुन्नरशी जोडणारा मार्ग. त्याच्या गुहेतील सातवाहन राणी नागनिकेचा लेख दोन हजार वर्षांइतका जुना आहे. उत्तरेला थळ घाट आणि त्याच्या वाटेवर माहुली किल्ला, जेथे १६३६ मध्ये शहाजीराजांना वेढा पडला होता. बैलांचे तांडे मीठ घेऊन वर जात आणि धान्य घेऊन खाली येत. म्हसे येथे पौष पौर्णिमेला भरणारा बैलबाजार हा त्याच बैलांच्या जगाचा उरलेला अंश म्हणावा लागेल. परंतु किल्ले आणि घाट यांनी शिवाराचे रूप जितके बदलले, त्याहून अधिक ते एका साध्या शेतकामाने बदलले. ते काम म्हणजे राब.

राब आणि वरकस

राब भाजणे आपल्याला ठाऊक आहे. पण तरुण वाचकांपैकी काहींनी ते पाहिले नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. रोप टाकायच्या तुकड्यावर प्रथम वाळलेले शेण पसरायचे, त्यावर ऐन, किंजळ वगैरे झाडांचा वाळलेला टहाळ, त्यावर गवत आणि पालापाचोळा, आणि शेवटी बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवायचे, म्हणजे आग सावकाश सरकते आणि जमीन पुरती भाजते. त्यामुळे तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते आणि पहिल्या पावसात रोप जोमाने वर येते. ज्या काळी दुसरे खत नव्हते, त्या काळी राबाशिवाय रोप नव्हते आणि रोपाशिवाय लावणी नव्हती.

आता हिशेब पाहा. थोड्याशा राबाला पुष्कळ टहाळ व गवत लागते. म्हणून प्रत्येक खाचरामागे त्याच्या कित्येक पट माळ आणि झाडी लागे. तीच वरकस जमीन. तिच्यावर पाळीपाळीने नाचणी, वरी, खुरासणी, तूर ही पिके घेत आणि नंतर काही वर्षे ती पडीक टाकून गवत व झुडपे वाढू देत. इंग्रजी अमलात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जमिनीची मोजणी झाली, तेव्हा भात जमिनीला जबर आकार आणि वरकसला अगदी हलका आकार बसविण्यात आला, तो यामुळेच. पुढे १९४८ च्या कूळ कायद्यानेसुद्धा वरकस जमिनीची व्याख्या भातशेतीच्या राबासाठी वापरली जाणारी जमीन अशीच केली. शेतीतल्या एका कामावरून जमिनीच्या प्रकाराची व्याख्या कायद्यात यावी, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपल्या सातबाऱ्यावर ‘वरकस’ हा शब्द आहे तो ‘निकामी’ या अर्थाने नाही.

हद्दीचे दगड पडले

हे नाते प्रथम तुटले ते १८७८ च्या वन कायद्याने. ठाणे जिल्ह्यातील डोंगर राखीव आणि संरक्षित वनांत घातले गेले, हद्दीला दगड बसले, आणि काल ज्या झाडाचा टहाळ घरचा होता त्याला हात लावणे गुन्हा ठरला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी झाल्या, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला आणि राबाचा टहाळ हा त्याचा एक मुख्य विषय होता. सरकारची बाजू अगदीच खोटी होती असे नाही. रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला पोहोचली होती. लाकडाची मागणी वाढली होती आणि जंगल झपाट्याने उतरत होते. पण हे लाकूड कोणी नेले आणि दंड कोणी भरला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत.

कातकऱ्यांना याचा फटका सर्वांत अधिक बसला. खैरापासून कात काढणे यावरून ज्यांना नाव पडले, त्यांचा खैरच बंद झाला. पुढे ते कोळशाच्या भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर मजुरीला गेले. ठाकर आणि महादेव कोळी यांच्या डोंगरावरील नाचणी-वरीच्या जागा जंगलाच्या हद्दीत सापडल्या. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांच्या साठवणीवरही कायदा आला. वन हक्क कायदा २००६ मध्ये झाला, तो या जुन्या हद्दींमुळे झालेल्या अन्यायाच्या दुरुस्तीसाठीच. त्याखालील दावे करताना आजोबांनी कोणत्या जागी काय पेरले याची माहिती लागते, ती अशी.

जंगल बंद झाल्यावर टहाळाचा सारा भार मालकीच्या वरकसवर आला. दर वर्षी तोडले जाणारे झाड बी धरीत नाही. त्याच्या जागी नवे झाड उभे राहत नाही. दुसरीकडे मुंबईच्या तबेल्यांना गवत हवे होते. गवत कापून, दाबून, गाठी बांधून पाठविणे हे नाचणीपेक्षा सोपे आणि रोख पैशाचे काम. वरकसवरची पाळी सुटली आणि ती गवताळ झाली. त्यातच वणवे. वरचेवर वणवा लागलेल्या माळावर चांगले गवत मागे हटते आणि कुसळी माजते. आज आपण ज्याला ‘उजाड माळ’ म्हणतो तो असा तयार झाला आहे. तो मुळात तसा नव्हता.

पाणी खाली गेले

१८९२ मध्ये तानसा धरण पुरे झाले. मोडकसागर १९५७ मध्ये, आणि त्यानंतर भातसा. मुंबईच्या रोजच्या पाण्यातील जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसा धरणाचे आहे. मुरबाडच्या बाजूला बारवीचे पाणी कारखान्यांना आणि शहरांना जाते. धरणांखाली गेली ती मुख्यतः नदीकाठची उत्तम खाचरे, कारण पाणी साठते ते खोलगट भागातच. तेथील माणसे वर माळावर आली. शहापूर तालुक्यात आजही उन्हाळ्यात कित्येक पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते, आणि त्याच पाड्यांशेजारून मोठे नळ मुंबईकडे जातात. कालव्याखाली ज्यांची जमीन आली त्यांनी उन्हाळी भेंडीसारख्या भाजीपाल्यात चांगली कमाई केली हे खरे. पण पाटाचे पाणी थोड्यांच्याच वाट्याला आले.

कूळ कायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कूळ मालक झाले. मात्र १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने झाडी असलेल्या पुष्कळ वरकस जमिनी सरकारकडे गेल्या. कित्येकांना ही नोंद अनेक वर्षांनी, विक्रीच्या किंवा कर्जाच्या वेळी कळली.

जमीन मोडण्यापूर्वी

समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून आमण्यापर्यंत जून २०२५ मध्ये खुला झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून माळावर प्लॉटचे खांब उभे राहू लागले होते. विक्री करू नये असा उपदेश करणे सोपे आहे. मुलीचे लग्न किंवा दवाखाना समोर असता तो कोणी ऐकणार नाही. तथापि पुढील गोष्टी प्रत्येकाने पाहाव्यात.

सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना आणि जुने फेरफार प्रथम वाचा. कुळाची, आदिवासी जमिनीची, राखीव किंवा खाजगी वनाची नोंद असल्यास जाणकाराचा सल्ला घेतल्याशिवाय कोणताही कागद करू नका. गावनकाशाची प्रत काढून त्यावरील ओहोळ आपल्या गटात कोठून शिरतो आणि कोठून निघतो ते पाहा. वरच्या माळावर भराव घालून रस्ता केला आणि मोरी चुकीच्या जागी बसविली, तर खालच्या खाचराचे पाणी तुटते किंवा बांध फुटतो. खाचर आपलेच राहिले तरी त्याचे पाणी विकलेल्या माळाबरोबर जाते. म्हणून ओहोळाची वाट खरेदीखतात लिहून घ्यावी.

जे.सी.बी. लावून दोन-तीन खाचरांचे एक करण्याची हौस हल्ली वाढली आहे. ट्रॅक्टर फिरायला ते सोयीचे असते, हे कबूल. पण वरच्या पायरीची माती खरवडली की खाली मुरूम लागतो आणि पुढची काही वर्षे तेथे भात पिवळे राहते. करायचेच असेल तर वरचा मातीचा थर आधी बाजूला काढून ठेवावा, खालचा भाग सपाट करावा आणि मग ती माती परत पसरावी. ओहोळाचा जुना आडवा बांध मात्र काढू नये.

राबाला आज टहाळाची गरज राहिलेली नाही. गादीवाफ्यावर रोप करावे आणि दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मातीत मिसळावी; रोप कणखर होते. चारसूत्री पद्धतीतील हे पहिलेच सूत्र आहे. गिरणीतून तूस सहज मिळते. ते पांढरे होईपर्यंत जाळू नये, काळे असतानाच पाणी मारून विझवावे. दुसरे सूत्र गिरिपुष्पाच्या पाल्याचे. म्हणजे जो पाला पूर्वी माळावरून आणीत होतो तो आता बांधावरच पिकवायचा. टहाळाचा भार उतरला की माळावरील ऐन आणि मोहाला दोन-चार वर्षे हात लावू नये. जुन्या बुंध्यातून फुटवे येतात, त्यांतील सरळ एक-दोन ठेवून बाकीचे काढावेत. रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना १९९० मध्ये आली तेव्हा वरकसवर आंबा-काजू पुष्कळ लागला. त्यांतील मेली ती बहुतेक उन्हाळ्यातील पाण्यावाचून किंवा वणव्याने मेली. म्हणून नवी लागवड पाणी देता येईल तेवढीच करावी, आणि दिवाळीनंतर गवत कापून झाले, की बांधालगत जाळरेषा काढावी.

गिरिपुष्पाचे फाटे जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावावेत. त्याच दिवसांत एकदा भर पावसात छत्री घेऊन माळाच्या माथ्यापर्यंत चढून जावे आणि पाणी कोणत्या वाटेने खाली येते ते डोळ्यांनी पाहावे. बरोबर घरातील सर्वांत वडील माणसाला न्यावे, त्यांना चालवत असेल तर. कोणत्या तुकड्याला कोणते नाव आणि ते का पडले, हे त्यांना विचारून वहीत उतरून ठेवावे.