मान वळणारी बॅटरी

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. पुस्तकांत विजेरी असते, पण ती कुणाच्या हातात मी अजून पाहिलेली नाही.

शेतीची थ्री-फेज लाईट पाळीने येते. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. रात्रपाळीत उसाला दारं धरायची म्हणजे खोरं दोन्ही हातांत हवं. एका सरीचं तोंड मातीनं बुजवायचं आणि लगेच दुसरीचं उघडायचं. मग बॅटरी धरायची कुठे? वर्षानुवर्षं ती आमच्या काखेत नाहीतर दातांत असायची. डोक्याला बांधायचा दिवा आणून पाहिला, तर पावसाळ्यातले किडे थेट नाकातोंडात. शेवटी आठवडी बाजारातून ३२० रुपयांना मान वळणारी बॅटरी घेतली. क्लिपनं खिशाला अडकवायची, मान काटकोनात वळवायची आणि हात मोकळे ठेवायचे. सहा महिन्यांत ती गेली. दुसरी, थोडी महाग, आता दीड वर्ष चालू आहे. दोघींनी जे शिकवलं ते असं.

१. आधी मान बघा, उजेड नंतर. दुकानदार बॅटरी समोरच्या भिंतीवर मारून दाखवतो. ते बघू नका. मान अर्धी वळवून बॅटरी हातात जोरात हलवा. मान डुलली, तर शेतात चार पावलं चालताच ती खाली पडणार आणि उजेड तुमच्याच पोटावर येणार. मग बॅटरी चालू ठेवूनच मान या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवा. मध्येच उजेड जरासा जरी लुकलुकला, तरी ती तिथेच ठेवून द्या. सांध्यातून दोन बारीक वायरी गेलेल्या असतात. दर वळणाला त्यांना पीळ बसतो आणि एक दिवस एक वायर आतल्या आत तुटते. माझ्या पहिलीची तुटली ती रात्री दीडच्या सुमारास, उसाच्या मधोमध. पाणी चालू, चंद्र नाही. मोबाईल कोरडा राहावा म्हणून मोटारीच्या खोलीत ठेवलेला. अंदाजानं बांधापर्यंत आलो. पायाखाली काय काय आलं ते मी घरी सांगितलं नाही.

२. खोक्यावरचे लुमेन म्हणजे लग्नपत्रिकेतली विशेषणं. माझ्या खोक्यावर १०,००० लिहिलं होतं. पारख घरात होते. ९ वॅटच्या एलईडी बल्बच्या पाकिटावर साधारण ९०० लुमेन लिहिलेले असतात. रात्री न्हाणीघरात तो बल्ब लावा, भिंती बघून घ्या. मग बल्ब बंद करून बॅटरी जमिनीवर उभी ठेवा, झोत छताकडे. छतावरून परतलेला उजेड बल्बच्या जवळपास तरी जातो का ते बघा. माझ्या बॅटरीचा बल्बच्या निम्म्यालाही पोचला नाही.

३. आणि खरं सांगायचं तर जास्त उजेड लागतही नाही. उसात उभं राहून पूर्ण झोत सोडला की जवळची पानं पांढरीफटक दिसतात आणि त्यांच्यामागे मिट्ट काळोख. मंद उजेड खिशाच्या उंचीवरून तिरपा पडला की ढेकळाची, खळग्याची, पडलेल्या पाचटाची सावली लांब पडते. मग पाय कुठे टाकायचा ते कळतं. डोक्यावरच्या दिव्यात हे जमत नाही. तो डोळ्यांच्या रेषेतच असल्यानं सावल्या झाकल्या जातात आणि रान सपाट दिसतं. उंदरांच्या मागे घोणस उसात येतेच, आणि पाचटात ती पाचटासारखीच दिसते. तिथे मला दूरचं झाड उजळून नको आहे, दोन पावलांपुढची जमीन हवी आहे.

४. सेल काढून वजन करा. आतला सेल बहुधा १८६५० असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. माझ्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं होतं. या आकारात नावाजलेल्या कंपन्यासुद्धा ३५००च्या आसपास थांबतात. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. माझा किराणा दुकानातल्या काट्यावर ३१ भरला. दुकानदार म्हणाला, ‘अहो, यात काय भरलंय की नाही?’

५. ‘८ तास चालते’ हे खोटं नसतं, अर्धवट असतं. बॅटऱ्या मोजण्याचं जे अमेरिकी प्रमाण आहे, त्यात सुरुवातीच्या उजेडाच्या १० टक्के उरेपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे शेवटचे काही तास नुसती बत्ती मिणमिणत असते. मी घड्याळ लावून बसलो तेव्हा कामाचा उजेड पहिलीनं ५० मिनिटं दिला. तरी हळूहळू मंदावणारी बॅटरी मला चालते, ती आधी सांगून जाते. एकदम डोळे मिटणारी नको.

६. बटणाचा क्रम बघा. पूर्ण, मंद, मग ते भराभर लुकलुकणं, मग बंद. मंद उजेडावरून बंद करायचं तर दर वेळी त्या लुकलुकाटातून जावं लागतं. शेतात कुणाला काय खुणावायचं असतं, देव जाणे.

७. बुडाचं चुंबक ही चैन वाटली होती, पण स्टार्टरच्या लोखंडी पेटीवर बॅटरी चिकटवून, मान तारांकडे वळवून फ्यूज बघता येतो. अर्थात मेन स्विच पाडल्यावरच. पाण्याचं मात्र जपा. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसणारी. पाटात पडली तर मानेच्या सांध्यातून पाणी शिरतं, कारण फिरणाऱ्या जागेवर स्वस्त मालात रबरी कडी नसतेच. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण तर दुसऱ्या महिन्यात तुटून गेलं.

पहिली बॅटरी मी टाकणार होतो. वडिलांनी ती उघडली, तुटलेली वायर डाग देऊन जोडली, मान सरळ करून वरून काळी टेप गुंडाळली आणि गोठ्यात खुंटीला टांगली. अजून चालते. त्यांना म्हणे मान पहिल्यापासूनच नको होती.