सीपीआर प्रशिक्षण : स्वयंअध्ययन की प्रशिक्षकाचे मार्गदर्शन?

हृदयक्रिया अकस्मात बंद पडल्यास उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक रुग्ण वाचण्याची शक्यता साधारणतः ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे रुग्णवाहिका येईपर्यंत जवळच्या नागरिकाने केलेले हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन, म्हणजेच सीपीआर, निर्णायक ठरते. हे कौशल्य स्वतःच शिकता येईल काय?

त्यातील क्रम सोपा आहे. प्रतिसाद व श्वास तपासावा, ११२ क्रमांकावर मदत मागवावी आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा. प्रौढांमध्ये हा दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल असावा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ववत होऊ द्यावी. एवढे ज्ञान पुस्तक वा चित्रफितीतून मिळते. मात्र दाबाची खोली हातालाच उमगावी लागते. थकव्याने ती कमी होत गेली तरी शिकणाऱ्याच्या ते सहसा ध्यानात येत नाही; प्रशिक्षक ती चूक तत्काळ दुरुस्त करतो.

तथापि, प्रशिक्षक सर्वत्र उपलब्ध नसतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी चित्रफीत पाहत पुतळ्यावर केलेला सराव हा प्रशिक्षकाच्या वर्गाला प्रभावी पर्याय मानला. याचा अर्थ असा की, केवळ वाचन वा दर्शन पुरेसे नाही. प्रत्यक्ष सराव दोन्ही पद्धतींत अनिवार्य आहे. शिवाय हे कौशल्य काही महिन्यांतच क्षीण होऊ लागते. म्हणूनच प्रारंभी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन आणि त्यानंतर स्वयंअध्ययनाने नियमित उजळणी, हा समन्वय भारतासारख्या विशाल देशासाठी अधिक व्यवहार्य ठरतो.