आधी वीज, मग आवाज

झेडएक्स स्पेक्ट्रम घरात असला, की त्याला एवाय चिपचा आवाज जोडावा, जमलं तर चित्रही सुधारावं, असं वाटतंच. मलाही वाटलं, आणि आज माझ्या टेबलावरच्या मशीनला दोन्ही आहेत. पण ओळखीतून माझ्याकडे दुरुस्तीला येणारे स्पेक्ट्रम बघितले, तर निव्वळ वयामुळे बंद पडलेले थोडेच असतात. बरेचसे नवा इंटरफेस लावल्या दिवशीच बंद पडलेले असतात. इतकी वर्षं टिकलेलं मशीन असं एका संध्याकाळी गेलेलं पाहिलं, की फार वाईट वाटतं, कारण त्यातली बहुतेक वाचवता आली असती. या छंदात नव्याने पडणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

एप्रिल १९८२मध्ये स्पेक्ट्रम बाजारात आला तेव्हा १६ केबीचं मशीन १२५ पौंडांना आणि ४८ केबीचं १७५ पौंडांना होतं. त्या किमतीत बसवण्यासाठी सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या माणसांनी आतला प्रत्येक भाग तोलूनमापून घातला. पुढे १९८८मध्ये डेसिबेल्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम+’ या नावाने तो भारतात विकला. आपल्याकडच्या अनेकांच्या माळ्यावरून आज जे निघतं, ते हेच मशीन. जोडणी करणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मागच्या बाजूला दिसणारी तांब्याच्या पट्ट्यांची कड, म्हणजे एज कनेक्टर, ही थेट झेड८० प्रोसेसरची दारं आहेत. मध्ये बफर नाही, फ्यूज नाही. वर २८ आणि खाली २८ जागा, एकमेकींपासून २.५४ मिलिमीटरवर. पाचव्या जागी खाच आहे. खालच्या रांगेत तिसरी पट्टी ५ व्होल्टची, आणि तिला अगदी लागून चौथी ९ व्होल्टची.

म्हणजे इंटरफेस जरा तिरका झाला, की ९ व्होल्ट ५ व्होल्टच्या ओळीत शिरू शकतात, आणि मशीनमधल्या बहुतेक चिपा त्याच ओळीवर जगतात. डोंबिवलीच्या एका मित्राच्या बाबतीत असंच झालं. नवा साउंड बोर्ड व्यवस्थित वाजत होता. कुणीतरी टीव्हीची वायर ओढली, मशीन सरकलं, मागे लोंबणारा बोर्ड कलला आणि पडदा गेला. मी उघडून पाहिलं तेव्हा टीआर४ हा ट्रान्झिस्टर उडालेला होता. खालच्या १६ केबीच्या ४११६ चिपांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात, आणि त्यातले १२ आणि उणे ५ हे टीआर४ आणि त्याच्या शेजारची कॉइल मिळून तयार करतात. उणे ५ गेलं आणि बाकीची वीज चालू राहिली, तर ४११६ चिपा भाजून निघतात. त्याच्याही निघाल्या होत्या. ट्रान्झिस्टर किरकोळ पैशांत मिळतो. ४११६ मात्र आता नव्याने बनत नाहीत, जुन्या साठ्यातून शोधाव्या लागतात.

म्हणून कोणताही इंटरफेस लावताना किंवा काढताना मशीन बंद करायचं. बंद म्हणजे अॅडॅप्टरची पिन मशीनमधून काढायची, कारण ४८ केबीच्या मशीनला स्विचच नाही. कनेक्टरमध्ये पाचव्या जागी प्लॅस्टिकची किल्ली बसवलेली आहे की नाही ते बघायचं. कॉम्प्युटरच्या जुन्या आयएसए स्लॉटचा तुकडा कापून बनवलेले कनेक्टर सर्रास विकले जातात. अंतर बरोबर जुळतं, पण किल्ली नसेल तर ते एक पट्टी इकडेतिकडे बसतात, आणि एक पट्टी सरकली तरी मघाशी सांगितलेलंच संकट. बोर्डाला खालून आधार द्या. लाकडाची एक पट्टी पुरते. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत ही कड काळवंडते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापूस वापरा. सॅंडपेपर मुळीच नको, वरचा मुलामा निघून जातो.

वीज हा माझ्या दृष्टीने सगळ्यात आधीचा विषय. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि त्याच्या पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो. बाजारात सहज मिळणारे जवळजवळ सगळे अॅडॅप्टर मधे पॉझिटिव्ह असतात. पिन तशीच बसते, आणि उलटी वीज अडवायला आत काहीच नाही. गिटारच्या पेडलचे अॅडॅप्टर मधे निगेटिव्ह असतात म्हणून काहीजण ते लावतात, पण त्यातल्या पुष्कळांची ताकद अर्धा अॅम्पिअर असते, आणि इथे दीड अॅम्पिअर तरी हवा. वर साउंड बोर्ड लावलात तर भूक आणखी वाढते. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ९ व्होल्ट २ अॅम्पिअरचा चांगला अॅडॅप्टर घ्यावा आणि पिनेच्या तारा उलट करून घ्याव्यात. मशीनला लावण्याआधी मल्टिमीटरने एकदा खात्री करावी.

जोडणी घेण्यापूर्वी मशीन उघडून ४११६च्या पायांवर व्होल्टेज मोजा. पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५, आणि जमीन पाय १६ ला. यातलं एकही डळमळत असेल, तर इंटरफेसचे पैसे आधी नव्या कपॅसिटरांवर खर्च करा. कपॅसिटर बदलल्यावर पुष्कळ मशीनांचं चित्रसुद्धा निवळतं.

आता आवाज. ४८ केबीच्या मशीनमध्ये फक्त एक बिटाचा बीपर आहे, आणि त्याला सूर देण्यासाठी प्रोसेसरलाच सतत राबावं लागतं. टिम फॉलिनने ‘एजंट एक्स’ आणि ‘क्रोनोस’मध्ये याच एका बिटातून जे काढलं आहे, ते एवाय चिप विकत घेण्याआधी प्रत्येकाने ऐकावं असं मला मनापासून वाटतं. एवाय-३-८९१२ चिपमध्ये तीन स्वर, एक खरखरीचा जनरेटर आणि स्वराच्या जोराची चढउतार सांभाळणारा एक आकार असतो. रजिस्टरमध्ये आकडा टाकला की चिप वाजवत राहते आणि प्रोसेसर मोकळा होतो.

इथेच पुष्कळांची निराशा होते. एवाय बोर्ड लावला म्हणून ४८ केबीचं मशीन १२८ केबीचं होत नाही. १२८साठी लिहिलेल्या खेळांना ती जास्तीची मेमरी लागते. आणि जुने ४८ केबीचे खेळ बीपरच वाजवत राहणार, त्यांना एवायचा पत्ताच ठाऊक नाही. पत्त्यांचंही वेगळंच प्रकरण आहे. स्पेक्ट्रम १२८ आणि चेकोस्लोव्हाकियातला मेलोडिक ६५५३३ आणि ४९१४९ हे पोर्ट वापरतात, तर फुलर बॉक्स ६३ आणि ९५. एकासाठी लिहिलेलं संगीत दुसऱ्यावर मुकं राहतं. बोर्ड घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न पोर्टचा विचारा.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. १२८ मशीनमध्ये एवाय चिप सुमारे १.७७ मेगाहर्ट्झवर चालते. बोर्डावर २ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल, तर ४४० हर्ट्झचा स्वर ४९६वर जातो, म्हणजे सा लावावा आणि शुद्ध रे ऐकू यावा. सगळंच वर सरकल्यामुळे सुरावट ओळखू येते, पण कानाला ती परकी वाटते. काही बोर्डांवर स्वतःचा क्रिस्टल नसतो आणि ते एज कनेक्टरवरचं घड्याळ अर्धं करून घेतात. ४८ केबीच्या मशीनवर हे मला पटत नाही. यूएलए चिप पडदा रंगवत असताना प्रोसेसरने खालच्या १६ केबीला हात लावला, तर ती प्रोसेसरचं घड्याळच क्षणभर रोखून धरते. त्याच घड्याळावर चिप वाजत असेल तर स्वरात खरखर आणि थरथर येते, आणि लोक चांगल्या चिपला दोष देत बसतात. स्वतःचा क्रिस्टल असलेला बोर्ड घ्या.

चिपांबद्दलही सांगायला हवं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एवायला पर्याय म्हणून मागवलेल्या यामाहा वायएम२१४९ चिपांवर अक्षरं ताजी, सरळ आणि पांढरीशुभ्र होती. अॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस फिरवला आणि अक्षरं पुसली गेली, खालून घासलेला पृष्ठभाग निघाला. अशा काही चिपा वाजतातही, पण तीनपैकी एक स्वर मुका असणं मी पाहिलं आहे. म्हणून बोर्डावर सॉकेट असावं, चिप थेट डाग देऊन बसवलेली नसावी.

एकापेक्षा जास्त इंटरफेस लागले की भांडणं सुरू होतात. सिंक्लेअरची यूएलए पोर्ट ओळखताना ए० ही एकच ओळ पाहते, त्यामुळे ती प्रत्येक सम पोर्टला उत्तर देते. स्वस्तातले केम्प्स्टन जॉयस्टिक इंटरफेस फक्त ए५ पाहतात आणि दुसऱ्यांच्या प्रश्नांना मध्येच ओ देतात. रॉम बदलणाऱ्या इंटरफेसांचं त्याहून अवघड. १९८३चा बोलणारा ‘करा मायक्रोस्पीच’ ५६ या पत्त्यावर लक्ष ठेवून असतो, आणि मेमरी कार्डवरून खेळ चढवणारे आजचे डिव्हएमएमसीही तिथेच टपून असतात. त्या पत्त्यावरचा कोड सेकंदाला ५० वेळा चालतो. दोघं एकत्र लावले तर मशीन सुरूच होत नाही आणि माणूस घाबरून चिपा बदलायला घेतो. आधी सगळं काढा, मशीन नुसतं सुरू करून पाहा, मग एकेक लावा.

चित्राच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. बहुतेकांना नवा ग्राफिक्स इंटरफेस लागतच नाही. आरएफ मॉड्युलेटर बाजूला ठेवून आतला कंपोझिट सिग्नल बाहेर आणला, की अर्ध्या तक्रारी मिटतात, खर्च जवळजवळ शून्य. त्यापुढचे इंटरफेस पडद्याच्या मेमरीत, म्हणजे १६३८४पासूनच्या ६९१२ बाइटमध्ये, प्रोसेसर काय लिहितो ते बसवर ऐकतात, स्वतःकडे त्याची प्रत ठेवतात आणि तिच्यावरून स्वच्छ चित्र काढतात. पण आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत दोनच रंग, ही मर्यादा तशीच राहते. ती त्या ६९१२ बाइटच्या रचनेतच आहे. यूएलएप्लससारख्या सुधारणेत २५६मधून ६४ रंग निवडता येतात, मात्र त्यासाठी लिहिलेलेच कार्यक्रम ते रंग मागतात. उलट काही नवे खेळ टीव्हीची रेघ जिथे पोचली असेल तिथे नेमक्या क्षणी रंग बदलून चौकट फोडतात. एका रेघेला २२४ टिक, हा ४८ केबीचा हिशोब त्यांनी गृहीत धरलेला असतो, आणि तो न पाळणाऱ्या बदली यूएलएवर तेच खेळ विस्कटतात.

खरेदीआधी फ्यूज हा मोफत इम्युलेटर उघडा. त्यात फुलर बॉक्स, मेलोडिक, स्पेकड्रम हे इंटरफेस एकेक चालू करून बघता येतात. तुमच्या आवडीचे खेळ त्यात लावा. जो खेळ तिथे जोडणी लावूनही बीपरवरच वाजतो, तो खऱ्या मशीनवरही बीपरवरच वाजणार. त्यातून उरेल ती यादी घेऊन बोर्ड शोधायला लागा.