तारीख आधीच ठाऊक असते

मनू, गच्चीबोवलीत रुळलीस, ऑन-कॉलचा रोस्टरही हातात पडला, म्हणून एक गोष्ट आताच कानावर घालते. तुझ्याकडे वेबसाइट आणि सर्व्हरच्या सर्टिफिकेटच्या तारखांची एक्सेल शीट येईल. हे काम अप्रेझलमध्ये कुणी धरत नाही, त्यामुळे ते टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलीच्या गळ्यात पडतं, आणि बिनसलं की बोलणीही तिलाच बसतात. मला काळजी वाटते ती याचीच.

केबल तुटते ती सांगून तुटत नाही. सर्टिफिकेट मात्र हातात येतं त्याच दिवशी त्यावर शेवटची तारीख असते. तरीही ३ फेब्रुवारी २०२० ला सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडलं. ६ डिसेंबर २०१८ ला एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमध्ये ओटूच्या, जपानमध्ये सॉफ्टबँकेच्या ग्राहकांचे फोन अडले.

पण तू नीट समजून घ्यावीस ती २२ फेब्रुवारी २०१३ ची, मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडची गोष्ट. तिथे कुणी विसरलं नव्हतं गं! नवं सर्टिफिकेट वेळेत काढून ठेवलं होतं. ते ज्या रिलीजमधून सर्व्हरवर जायचं, त्यावर 'तारखेआधी गेलंच पाहिजे' अशी खूण कुणी केली नाही. दुसरी कामं पुढे गेली, हे रिलीज मागे राहिलं. नवं सर्टिफिकेट जमा झाल्यामुळे इशारेही थांबले होते. आणि जगभरची स्टोरेज सेवा कोलमडली.

म्हणून सर्टिफिकेट रिन्यू झालं की लगेच तिकीट बंद करू नकोस. लोड बॅलन्सरमागचा एकेक सर्व्हर बाहेरून तपास. फाइल नवी असते, पण सर्व्हिस रीलोड केलेली नसते, असं फार वेळा होतं. ओपनएसएसएलने बघशील तेव्हा तारखेपुढचे जीएमटी ही तीन अक्षरंही वाच. तिथे रात्रीचे २३:५९ म्हणजे हैदराबादेत दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९.

आधीच्या माणसाकडून काम समजून घेताना प्रत्येक सर्टिफिकेटपुढे मालक कोण ते विचार. आठवणीची मेल बहुतेकदा नोकरी सोडून गेलेल्याच्या नावावर जात असतात. ती ग्रुप आयडीवर वळवून घे. लेट्स एन्क्रिप्टने तर २०२५ मध्ये अशी मेल पाठवणंच थांबवलं. बँकेचा प्रोजेक्ट मिळाला तर मासब टँकच्या आयडीआरबीटीचं नाव ऐकशील. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये काढलेली ही संस्था, बँकांच्या डिजिटल सर्टिफिकेटांशी तिचा जुना संबंध. कधी तिथल्या कुणाचं व्याख्यान असेल तर चुकवू नकोस.

आणि ऑटोमेशन आत्ताच शीक. वेबसाइटच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून अवघे ४७ दिवस, असं ठरलं आहे. एक्सेल शीटने हे निभणार नाही. लीडला तसं स्पष्ट सांग, मेलवर सांग.

रात्री दोनला सेवा बंद पडली की कॉलवर कुणीतरी म्हणेलच, 'तात्पुरतं सर्टिफिकेटचं व्हेरिफिकेशन बंद करणारी ओळ कोडमध्ये टाक.' ऐकू नकोस. ती ओळ प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं तशीच राहते आणि समोर खरा सर्व्हर आहे की तोतया, हे कुणी बघतच नाही. त्यापेक्षा मॅनेजरला उठव. झोपमोड झाली तर होऊ दे.